गच्चीवरचं घड्याळ

सकाळी पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने रक्त काढायच्या आधीच ते तपासून झालेलं असतं, मग पेशंटला आम्ही उगाच टोचायचं कशाला, असं त्यांनी विचारलं. बाई चिडल्या की अशाच गोड बोलतात. मी म्हणालो, बघतो. ‘बघतो’ हे आमच्या खात्याचं पालुपद आहे. आमचं खातं म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरात, धोबीखान्याच्या शेजारी, सतत गार असलेली एक खोली आणि तिच्यात मी. या इमारतीत जिथे जिथे वेळ उमटते, म्हणजे वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर, औषधाच्या पर्चीवर, ऑपरेशनच्या खोलीतल्या भिंतीवर, तिथे सगळीकडे ती एकच असावी, एवढंच माझं काम. लोकांना वाटतं वेळ आपोआप असते. मला लोकांचा राग येत नाही, पूर्वी यायचा. रक्त दहा वाजता तपासलं आणि दहा वाजून चार मिनिटांनी काढलं, हे वाचून मला आधी हसूच आलं. मग मनात कुठेतरी पाल चुकचुकली, आणि ती चुकचुकली ती हॉस्पिटलसाठी नाही, हे कळायला मला दुपार झाली.

वेळ आपोआप नसते, हे मी आईला एकदा समजावून सांगितलं होतं. प्रत्येक मशीनच्या पोटात एक घड्याळ असतं आणि ते रोज थोडं थोडं चुकतं. कुणी पुढे पळतं, कुणी मागे रेंगाळतं. म्हणून त्याला सारखं कुणाला तरी विचारावं लागतं, बाबा रे, किती वाजले. एकालाच विचारलं आणि तोच चुकलेला निघाला तर संपलंच. दोघांनी दोन वेळा सांगितल्या तर कुणाचं खरं धरायचं? म्हणून किमान चौघांना विचारायचं. चौघांची उत्तरं शेजारी शेजारी मांडायची, प्रत्येकाला थोडं चुकायची मुभा द्यायची, आणि जिथे जास्तीत जास्त जणांचं पटतं तिथे खरी वेळ आहे असं समजून चालायचं. ज्याचं कुणाशीच पटत नाही त्याच्यापुढे स्क्रीनवर फुली येते, आणि मग त्याला कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यात त्याला सरळ खोटारडा म्हणतात. आई तेव्हा पालक निवडत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे पाचामुखी परमेश्वर. त्यात तुम्ही नवीन काय केलंत?’ आई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोक फोन करून किती वाजले विचारायचे आणि ती मनगटावरच्या घड्याळात बघून सांगायची. रोज सकाळी चावी द्यायचं, नखाएवढं, बारीक पट्ट्याचं घड्याळ. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ असूनही शाळेला निघताना आम्ही आईच्या मनगटाकडे बघायचो.

हॉस्पिटलची घड्याळं चार. त्यातली तीन लांबची, एका सेवा देणाऱ्या कंपनीची, तारेवरून वेळ सांगणारी. चौथं आमच्याच गच्चीवर. पाण्याच्या टाकीच्या मागे एका नळीवर उपड्या वाटीसारखी अँटेना आहे. ती आकाशातल्या उपग्रहांचं ऐकते आणि खाली कपाटातल्या डब्याला सांगते. ती माझ्या आधीच्या माणसाने बसवली. त्याला सगळे म्हातारबा म्हणायचे, तो तरुण होता तेव्हापासून. निवृत्त होताना त्याने मला किल्ल्या दिल्या आणि म्हणाला, ‘बाकीचे विचारून सांगतात. हा बघून सांगतो.’ मी हो हो म्हटलं. जाणाऱ्या माणसाला हो हो म्हणायचं असतं. गेले काही आठवडे त्या गच्चीवरच्या घड्याळापुढे फुली होती. मी वर जाऊन वाटीवरची कबुतरांची घाण पुसली, तारा हलवून बघितल्या. फुली गेली नाही. म्हातारं झालं, दुसरं काय, असं म्हणून मी ते काढून टाकायची परवानगीही मागून ठेवली होती. तिघं एका सुरात एक सांगताहेत आणि एकजण वेगळंच काहीतरी सांगतोय, तर वेडा कोण हे काय ज्योतिषाला विचारायचं?

पॅथॉलॉजीचं मशीन जुनं, म्हातारबाच्या काळातलं. ते फक्त गच्चीचं ऐकतं. वॉर्ड चौघांना विचारतात, म्हणजे तिघांचं ऐकतात. भांडण या दोघांतच होतं, तेव्हा मी मुकाट्याने पॅथॉलॉजीचं मशीन वॉर्डांच्या ओळीत आणायला बसलो. त्यासाठी चारही घड्याळांची रोजची यादी उघडली. पहिल्या रकान्यात कोण सांगतंय, दुसऱ्या रकान्यात ते स्वतः कुणाकडून घेतं. ही यादी मी वर्षानुवर्षं बघतोय. पहिला रकाना बघतो, फुल्या बघतो, चहा पितो. दुसऱ्या रकान्याकडे कशाला बघायचं, सांगणाऱ्याने सांगितलं ना? आज चहा आला नव्हता म्हणून असेल, डोळा तिकडे गेला. लांबच्या तिघांच्याही ओळींत एकच आकडा होता. तिघांची नावं वेगळी, पत्ते वेगळे, पण तिघंही कंपनीच्या वरच्या एकाच मशीनला विचारून सांगत होते. मी कंपनीला फोन केला. तिथला माणूस बऱ्याच वेळाने परत आला आणि म्हणाला, हो साहेब, त्या वरच्या मशीनची बाहेरची जोडणी मागेच कधीतरी तुटलीये, तेव्हापासून ते आपल्याच मनाने चाललंय. मी विचारलं, मग त्याने तसं सांगितलं का नाही. तो म्हणाला, त्याला कुठे माहितीये. ते तितक्याच ठामपणे सांगत राहिलं. रोज थोडं थोडं पुढे सरकलं, इतकं थोडं की कुणाला धक्का बसला नाही, आणि त्याच्याबरोबर तिघं, तिघांबरोबर आख्खं हॉस्पिटल. खरं सांगणाऱ्यापुढे आम्ही फुली मारून बसलो.

फोन ठेवला आणि मला आईचा आवाज ऐकू आला. ‘चार कुठले रे?’ तिने विचारलं होतं. तेव्हा आम्ही सगळे दादाच्या घरी बसायच्या खोलीत होतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आई त्याच्याकडे राहायची. ताई मुद्दाम तिच्या गावाहून आली होती. वहिनी, दादाची बायको, स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी होती. आई विसरते, हे वर्षभर कानावर येत होतं. गॅस चालू ठेवते, नळ वाहता ठेवते, जेवून परत जेवायला मागते, दार उघडं टाकून गच्चीत जाऊन बसते. मी घरचा हुशार. एकाचं ऐकून निर्णय घेणारा नव्हे. मी चौघांना वेगवेगळे फोन केले होते, दादाला, ताईला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आणि घरच्या डॉक्टरांना. चौघांनी तेच सांगितलं. शब्दही बहुतेक तेच. मला तर बरंच वाटलं होतं, उत्तरं इतकी जुळली की बरं वाटतंच. त्या दिवशी आई ताठ बसून म्हणाली, ‘मी नाही विसरत. ती विसरते. तिच्याकडे बघा कुणीतरी.’ वहिनी डोळ्याला पदर लावून आत गेली. दादा म्हणाला, ‘आई, पुरे आता. तुझं सगळं ती करते आणि तू तिच्यावरच खापर फोडतेस.’ ताई छताकडे बघत बसली. सासू-सुनेचं ऐकून ऐकून तिचे कान किटले होते, आमच्या सगळ्यांचेच. मग मी समजूतदार आवाजात म्हणालो, ‘आई, अगं चार जण सांगताहेत. वेगवेगळे चार जण.’ तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी लहानपणी गणित चुकवायचो तेव्हा बघायची तसं. ‘चार कुठले रे? एकच तर आहे.’ आम्ही तिघं भावंडांनी एकमेकांकडे बघितलं. आता हिला मोजताही येत नाही, असं आमच्या तिघांच्याही मनात आलं, आणि ताईला रडू आलं. तिकडे न्यायचं त्याच दिवशी ठरलं. आमच्या घरात वृद्धाश्रम कुणी म्हणत नाही, तिकडे म्हणतात.

दुसरा रकाना मांडायला वेळ लागला नाही. दादा सकाळी निघतो आणि दिवेलागणीला येतो, त्याला घरातलं कळतं ते वहिनीकडून. ताईला फोन करते ती वहिनी. काकूंना जिन्यात सांगते ती वहिनी. आणि डॉक्टर? डॉक्टर आईला तपासून विचारतात, घरी काय काय होतं, आणि सांगायला बरोबर गेलेली असते वहिनी. मी चौघांना विचारलं होतं, बरोबर. ते कुणाला विचारून सांगताहेत हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. तरीही माझं मन वहिनीला खोटारडी म्हणायला तयार होईना. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने माझं सगळं केलं. लबाडी तिच्या अंगात नाही. मग मला एकेक आठवायला लागलं. मागच्या खेपेला तिने मला दोनदा पाणी आणून दिलं होतं. माझ्या वाढदिवसाचा फोन तिने सकाळी केला आणि संध्याकाळीही, त्याच उत्साहाने, आणि मी मित्रांत हसत सांगितलं होतं, वहिनीचं माझ्यावर दुप्पट प्रेम आहे. गॅस चालू राहिला त्या दिवशी आई देवळातल्या कुणाबरोबर तरी बाहेर गेली होती असं आई म्हणत होती. आम्ही ते धरलंच नाही, तिच्या बोलण्यापुढे तेव्हाच फुली होती. घरात दोनच माणसं दिवसभर असतात. एकीने गॅस चालू ठेवला, आणि तो आपण ठेवला हे तिला आठवत नाही. मग तो कुणी ठेवला?

मी वहिनीला फोन लावला. तळघरात रेंज येत नाही म्हणून धोबीखान्याच्या मागच्या दारात उभा राहिलो. आतून गरम चादरींचा वास येत होता. ‘भाऊजी, जेवलात का?’ वहिनी नेहमीच्या आवाजात म्हणाली. मी जेवलो म्हणालो. दादा कसा आहे विचारलं. ती खूप दिवसांनी फोन केलात म्हणून रागावली, हसली. मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला टेकलो. म्हटलं, गाढवा, हॉस्पिटलच्या डब्यांवरून माणसं मोजतोस? मग ती म्हणाली, ‘आईंशी बोलायचं असेल ना? आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठल्या की सांगते हं फोन करायला.’  आईला तिकडे जाऊन दोन महिने झाले होते. आईची खोली आणि बसायची खोली यांच्यामधली भिंत पाडून दादाने मोठा हॉल करून घेतला होता, वहिनी आत्ता उभी होती ती बहुधा त्याच हॉलमध्ये. ‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘आई तिकडे आहे ना?’ ‘अगबाई, हो की,’ ती म्हणाली. ‘सवय हो. इतकी वर्षं केलं त्यांचं.’ मग जरा थांबून, तितक्याच मायेने तिने विचारलं, ‘भाऊजी, जेवलात का?’ मी पुन्हा जेवलो म्हणालो. ‘थांबा हं,’ ती म्हणाली, ‘काहीतरी करपल्याचा वास येतोय,’ आणि फोन कशावर तरी ठेवला. मला तिची पावलं ऐकू आली, भांड्याचा आवाज, नळाची धार. मग ती गुणगुणायला लागली. कपाट उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकवल्याचा. मी हाका मारत राहिलो. नळ वाहतच होता. ती परत आली नाही, आणि मी फोन कानाला लावून आमच्या घराची दुपार ऐकत उभा राहिलो. पळत जायचं तर आख्खं शहर मध्ये होतं. शेवटी काकूंना फोन करून वर जाऊन बघायला सांगितलं. काकू थोड्या वेळाने म्हणाल्या, काही नाही हो, दूध करपलंय आणि नळ चालू होता, तुमच्या आईंची आठवण झाली बघा.

दादाला सांगितलं तेव्हा तो मीटिंगमधून बाहेर आला होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, ‘दमलीये रे ती. आईचं करून करून दमली. तू लांबून बघणार, तुला काय?’ मी म्हणालो, ‘दादा, तिला डॉक्टरला दाखव.’ ‘आता हिच्या मागे लागणार का तुम्ही?’ मी विचारलं, आई गॅस चालू ठेवते हे तू कधी डोळ्यांनी बघितलंस? तो म्हणाला, ‘मी असतो का घरी?’ त्याच्या आवाजात एक भीती होती. ती मी ओळखली, कारण तीच मलाही होती. ताई म्हणाली, ‘आईने सांगितलं म्हणून आता तूही सुरू झालास? तुझं असं कधी नव्हतं. तुला झोप लागते का नीट?’ संध्याकाळच्या आत ताईने दादाला आणि दादाने काकूंना फोन केलेला असणार, आणि माझ्यापुढेही आता एक फुली आली असणार. आमच्या साहेबांचंही वेगळं नव्हतं. मी त्यांना यादी दाखवली, कंपनीच्या वरच्या मशीनचं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘म्हणजे गेल्या काही आठवड्यांतली प्रत्येक औषधाची, प्रत्येक जन्माची, प्रत्येक मृत्यूची वेळ चुकली, हे मी लेखी देऊ? तेही एका गच्चीवरच्या डब्याच्या भरवशावर?’ मी म्हणालो, पण तोच बरोबर आहे. ते म्हणाले, ‘असेल. कंपनीवाले त्यांचं दुरुस्त करतील, हळूहळू येईल सगळं ठिकाणावर. तोवर पॅथॉलॉजीचं मशीन वॉर्डांशी जुळवून टाका. सगळं जुळलं की कुणी विचारत नाही.’ मी खाली आलो आणि जुळवून टाकलं. हाताला दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, आता ठीक आहे, धन्यवाद.

मग मी सुट्टी टाकून तिकडे गेलो. बसमध्ये मी मनात सगळं मांडत होतो, आईला काय सांगायचं. तुझंच बरोबर होतं, हे सांगायचं. माझ्याकडे चल, हे सांगायचं. माझी एकच खोली आहे, पण खिडकी आहे, आणि दिवसभर शेजारच्या बाई बघतील. मला तर तिचा तो विजयी चेहराही दिसायला लागला, सांगत होते ना मी, असा. तो चेहरा बघायला मी आतुर झालो होतो, तिने मला चार शब्द सुनवावेत म्हणून. आई हॉलमध्ये खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची. ती माझ्याकडे बघून हसली आणि ‘जेवलास का’ म्हणाली, आणि मी ती पुन्हा विचारते का याची वाट बघत राहिलो. पण तिने ते एकदाच विचारलं. मी खुर्ची ओढून जवळ बसलो आणि म्हणालो, ‘आई, त्या दिवशी गॅस तू चालू नव्हता ठेवलास.’ ती म्हणाली, ‘मीच ठेवला होता.’ मला वाटलं, रुसून बोलतेय. ‘नाही गं,’ मी म्हणालो, ‘तू घरी नव्हतीस, तूच म्हणत होतीस. वहिनीच विसरते. फोनवर मी स्वतः ऐकलं.’ आईने माझ्या हातावर हात ठेवला. ‘तिला काही बोलू नका. मीच ठेवला होता. आता आठवतं मला. दूध ठेवलं आणि बाहेर गेले. मग जळका वास आला.’ तिने वासाचं सांगितलं, भांड्याचं सांगितलं, निळ्या दांड्याचं भांडं म्हणाली, आणि ते सगळं मी दादाच्या तोंडून ऐकलेलं होतं, ताईच्या तोंडून, काकूंच्या तोंडून, त्याच शब्दांत. ‘आई, तू दूध पीत नाहीस. कशाला ठेवशील?’ ‘ठेवलं असेल रे. इतके जण खोटं कशाला बोलतील? आधी मी फार भांडले. मग इथे आल्यावर विचार केला, सगळे एक सांगताहेत आणि मी एकटी वेगळं, म्हणजे माझंच काहीतरी हललं असणार.’ ती हे अगदी शांतपणे म्हणाली. मी तिला माझ्याकडे चल म्हणालो. ती हसली. ‘नको बाबा. तुझं घर पेटवून देईन एखाद्या दिवशी.’

मी तिच्या मनगटाकडे बघितलं, दुसरीकडे कुठे बघावं कळेना म्हणून. तेच नखाएवढं घड्याळ, चालू होतं. त्यात चहाची वेळ झालेली होती. माझ्या घड्याळात ती व्हायला बराच अवकाश होता. माझं घड्याळ मी आदल्याच दिवशी गच्चीवरच्या डब्याशी लावून घेतलेलं. मी मान वळवली. हॉलच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ आईच्या घड्याळाशी काट्याला काटा जुळत होतं. चहाची किटली घेऊन आलेल्या आयाबाईंना मी विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, ‘ते पुढेच ठेवतो आम्ही. म्हातारी माणसं, हलेपर्यंत वेळ जातो.’ आई माझ्या मनगटाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली, शाळेला उशीर होईल तेव्हा उमटायची ती. ‘तुझं मागे पडलंय की रे,’ ती म्हणाली. ‘माझंही पडायचं. एकटीचंच वेगळं. मग लावून घेतलं बरोबर.’ मी म्हणालो, ‘आई, तुझं बरोबर होतं.’ ती ऐकून न ऐकल्यासारखं करून म्हणाली, ‘लाव. नाहीतर कामावर घोटाळे होतील.’ सगळ्या खोलीत बशांचे आवाज सुरू झाले होते आणि सगळे एकाच वेळी चहा पीत होते. मी घड्याळ काढून हातात घेतलं, बाजूची चावी ओढली आणि भिंतीकडे बघत काटा पुढे न्यायला लागलो. आईने चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं.

‘अजून थोडं,’ ती म्हणाली.